शेजाऱ्यांची भुतं

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याची पहिली धमनभट्टी सुरू झाली. सोव्हिएत तंत्रज्ञ इथे राहिले आणि प्लांट उभा करून गेले. त्यांची आठवण मैत्रीबागेच्या नावात राहिली, जुन्या फोटोंत राहिली. मात्र त्याच सोव्हिएत देशात १९६७ साली मॉसफिल्मने ‘वीय’ नावाचा एक भूतपट काढला होता, हे भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या गप्पांत कधी निघत नाही. सोव्हिएत काळातला पहिला खरा भयपट म्हणून त्याची नोंद होते. पोलाद आलं, पण भूत मागेच राहिलं.

न पाहिलेले चांगले भयपट शोधणाऱ्या वाचकानं सुरुवात इथूनच करावी. ‘दुर्लक्षित’ हा शब्द जरा फसवा आहे. ज्याला आपण दुर्लक्षित म्हणतो तो चित्रपट बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरात तोंडपाठ असतो, फक्त ते घर आपलं नसतं. सेक्टर ६ मध्ये जामा मशीद आहे, गुरुद्वारा आहे, कालीबाडी आहे. प्लांटच्या नोकरीनं विदर्भातल्या मराठी माणसाला केरळ, आंध्र आणि बंगालमधून आलेल्या माणसांच्या शेजारी आणून ठेवलं. प्रत्येक भाषेचा एक तरी भूतपट असा असतो की त्या घरात त्याचे संवाद पाठ असतात आणि शेजारच्या क्वार्टरला त्याचं नावही माहीत नसतं. मोबाइलवर ‘टॉप टेन हॉरर’ शोधलं की तेच ते दहा इंग्रजी सिनेमे समोर येतात. त्यापेक्षा शेजारच्या दारावर टकटक केलेली बरी.

आधी ‘वीय’बद्दल. गोगोलच्या १८३५ सालच्या कथेवरून तो केलेला आहे. दिग्दर्शक दोघे, कॉन्स्टंटिन येर्शोव आणि गेओर्गी क्रोपाच्योव. ट्रिकदृश्यांची बाजू सांभाळायला अलेक्सांद्र प्तुश्को हे परीकथापटांतले मुरलेले दिग्दर्शक होते. गोष्ट अगदी साधी आहे. खोमा नावाचा धर्मशिक्षणाच्या शाळेतला उडाणटप्पू विद्यार्थी एका श्रीमंत कोसॅकाच्या मेलेल्या मुलीसाठी तीन रात्री लाकडी चर्चमध्ये एकट्यानं प्रार्थना म्हणायला बसतो. भोवती खडूनं रिंगण आखतो. मग प्रेत उठतं.

यातली गंमत रिंगणात आहे. त्या रेषेच्या आत खोमा आणि बाहेर ती. तिला तो दिसत नाही, पण तिचे हात रेषेपर्यंत येऊन हवेत अडतात. ज्या घरात आजीनं अंगाऱ्याची बोटं ओढली आहेत, दृष्ट काढली आहे, तिथे हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. पहिली रात्र जवळजवळ विनोदी आहे, दुसरीत शवपेटी हवेत उडते आणि तिसऱ्या रात्री जे येतं त्यासाठीच चित्रपटाचं नाव आहे. सव्वा तासाच्या आसपासची लांबी, अधूनमधून खेड्यातले दारुडे कोसॅक आणि त्यांची थट्टामस्करी. काही ट्रिका आज उघड्या पडतात, पण लाकूड, कापड आणि दोऱ्या वापरून उभी केलेली ती भुतावळ संगणकावर काढलेल्या कुठल्याही राक्षसापेक्षा अंगाजवळ येते. मॉसफिल्मने आपल्या यूट्यूब वाहिनीवर जुने चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह फुकट ठेवले आहेत. ‘वीय’ तिथे शोधावा.

दुसरं दार मल्याळी शेजाऱ्यांचं. हिंदी ‘भूल भुलैया’ (२००७) न पाहिलेला माणूस विरळा, पण तो ज्यावरून आला तो फाझिल यांचा ‘मणिचित्रताळ’ (१९९३) मराठी घरांत क्वचितच पोचला. केरळात तो दुर्लक्षित वगैरे अजिबात नाही. २०२४ साली तो नव्यानं स्वच्छ करून थिएटरांत पुन्हा लावला गेला. मधू मुट्टम यांची पटकथा, मोहनलाल, सुरेश गोपी आणि गंगाच्या भूमिकेत शोभना. या भूमिकेसाठी शोभनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो का मिळाला हे शेवटची वीस मिनिटं पाहिल्यावर विचारावं लागत नाही. फाझिल यांना चित्रीकरणात मदत करणाऱ्या दिग्दर्शकांत प्रियदर्शन होते, आणि त्यांनीच पुढे हिंदी अवतार केला. कन्नडात ‘आप्तमित्र’, तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ असे अवतार झाले, तरी मूळ चित्रपटाचा संथपणा कुणाला साधला नाही. पहिला अर्धा भाग जवळजवळ घरगुती विनोदाचा आहे. मोठ्या वाड्यात राहायला आलेलं जोडपं, घाबरट काका, गावगप्पा. घाई असलेला प्रेक्षक इथेच उठतो. उठू नये. त्या विनोदात पुढच्या भीतीची एकेक वीट बसवलेली असते, आणि दुसऱ्यांदा पाहताना गंगाचे सुरुवातीचे साधे संवाद वेगळेच ऐकू येतात.

मल्याळी दार उघडलंच आहे तर राहुल सदाशिवन यांचा ‘भूतकालम’ (२०२२) सोडू नये. आजी वारते, घरात उरतात नैराश्याशी झगडणारी आई आणि नोकरी नसलेला तरुण मुलगा. आईच्या भूमिकेत रेवती, मुलाच्या शेन निगम. दोन माणसं, एक भाड्याचं घर. घरात खरंच काही आहे की दोघांची मनं आजारी आहेत, हा प्रश्न चित्रपट बराच काळ लोंबकळत ठेवतो. सोनीलिव्हवर तो थेट आला, थिएटरचा गाजावाजा वाट्याला आला नाही, म्हणून निसटला. याच दिग्दर्शकाचा मामुट्टी असलेला कृष्णधवल ‘ब्रमयुगम’ (२०२४) मात्र गाजला.

आता प्रश्न उलटा. शेजाऱ्यानं विचारलं, तुमच्या मराठीत काय, तर काय दाखवायचं? ‘तुंबाड’ (२०१८) हे उत्तर आता सगळ्यांना माहीत आहे. तो हिंदीत आहे, पण राही अनिल बर्वे यांचा आणि नारायण धारपांच्या कथाबीजाचा. पहिल्या प्रदर्शनात तो जेमतेम चालला, २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा रांगा लागल्या. त्याला यादीत जागा देण्याची गरज उरलेली नाही.

जागा द्यावी ती वसंत जोगळेकरांच्या ‘हा खेळ सावल्यांचा’ला (१९७६). हा चित्रपट त्याच्या गाण्यांनी गिळून टाकला. ‘गोमू संगतीनं’ आजही गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात ऐकू येतं. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, सुधीर मोघ्यांचे शब्द. पण त्या गाण्यामागे नरसूच्या भुतानं पछाडलेली एक मुलगी आहे आणि तिला बरं करायला आलेला एक मानसोपचारतज्ज्ञ आहे, हे गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना माहीत असतं? आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर. भुताला मांत्रिकाऐवजी डॉक्टरनं सामोरं जायचं ही कल्पना मराठीनं ‘मणिचित्रताळ’च्या १७ वर्षं आधी पडद्यावर आणली होती. दोन्ही लागोपाठ पाहावेत. मराठी चित्रपटाचा बाज जुना आहे, अभिनय नाटकी आहे, काही ठिकाणी हसू येतं. तरी ‘काजळ रातीनं’ सुरू झालं की हसू आवरतं.

आणि मग ‘गहराई’ (१९८०). या लेखातला एकच चित्रपट पाहायचा झाला तर हा. हिंदी आहे, पण त्यामागची डोकी बघावीत: दिग्दर्शक अरुणा-विकास, म्हणजे अरुणा राजे आणि विकास देसाई, लेखनात विजय तेंडुलकर, पडद्यावर डॉ. श्रीराम लागू, अनंत नाग, पद्मिनी कोल्हापुरे, अमरीश पुरी, सुधीर दळवी. बेंगळुरूत राहणारा चन्नबसप्पा गावची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्यासाठी विकून टाकतो. जमीन सांभाळणारा बसवा आतून तुटतो. थोड्याच दिवसांत चन्नबसप्पाची शाळकरी मुलगी भलत्याच आवाजात बोलायला लागते.

‘एक्झॉर्सिस्ट’ची नक्कल म्हणून समीक्षकांनी याला बाजूला सारणं सोपं होतं, कारण मुलगी, झपाटणं, विधी हे सगळं इथेही आहे. पण अमेरिकन चित्रपटात सैतान बाहेरून येतो आणि निष्पाप घरावर चालून जातो. इथे जे येतं ते घरच्या कर्त्या पुरुषाच्या हिशेबातून येतं. मुलीच्या तोंडून जे बोललं जातं त्यात तिला माहीत असण्याची शक्यता नसलेल्या जुन्या गोष्टी आहेत, आणि जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या बापाचा चेहरा एकेका वाक्यागणिक उतरत जातो. लागूंसारखा विवेकवादी माणूस ही भूमिका करतो तेव्हा त्यातल्या अविश्वासाला वेगळीच धार येते. तेंडुलकरांची सही यात स्पष्ट दिसते: मध्यमवर्गीय घर, सभ्य भाषा आणि खाली दाबून ठेवलेली हिंसा. जमीन देऊन कारखाना घेणं म्हणजे काय, हे भिलाईत कुणाला समजावायची गरज नाही. हे पोलादनगर गावांच्या जमिनीवर उभं आहे.

एक इशारा मात्र हवा. मांत्रिकाच्या विधीचा एक प्रसंग आज पाहताना फार खटकतो, विशेषतः पद्मिनी कोल्हापुरे त्या वेळी किती लहान होत्या हे ठाऊक असल्यावर. मुलांना घेऊन हा चित्रपट लावू नये.

नव्या मराठीत विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७). सावकारांच्या माणसांपासून पळणारं जोडपं ड्रायव्हरच्या गावी उसाच्या फडातल्या घरात आसऱ्याला येतं. बायको गरोदर आहे. पूजा सावंत आणि तुळसाबाईच्या भूमिकेत उषा नाईक. याचाच हिंदी अवतार ‘छोरी’ (२०२१) प्राइमवर देशभर पाहिला गेला आणि मूळ मराठी चित्रपट त्याच्या सावलीत गेला. उषा नाईकांचा ठसकेबाज, मायाळू आणि म्हणूनच भयंकर आवाज हिंदीत आला नाही, एवढ्या एका कारणासाठी मूळ पाहावा. उसाचा फड इथे चक्रव्यूह आहे. दिवसाढवळ्या, उन्हात भीती घालणारा. विषय मुलगी मारण्याचा आहे. घरात कुणी गरोदर असेल किंवा नुकतं मूल गमावलेलं असेल तर हा चित्रपट सरळ टाळावा.

‘लपाछपी’च्या निमित्तानं छत्तीसगडमध्ये राहणाऱ्या प्रेक्षकानं आणखी एक चाळणी हाताशी ठेवावी. इथे ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, हा शब्द सिनेमातला नाही. बाईला टोनही ठरवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं इतकं होत राहिलं की राज्याला २००५ साली टोनही प्रताडना निवारण कायदा करावा लागला. एखाद्या व्यक्तीला टोनही म्हणून ओळखणं हाही त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. त्यावरून छळ केला तर पाच वर्षांपर्यंत. महाराष्ट्रानं जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली केला. तेव्हा चित्रपट निवडताना एवढं बघावं: भीती बाईच्या असण्याची घातली आहे की तिच्यावर झालेल्या अन्यायाची? मोकळे केस आणि उलटे पाय यांच्यापलीकडे न जाणारे डझनभर सिनेमे या एका प्रश्नावर गळून पडतात. ‘लपाछपी’ टिकतो. ‘गहराई’ टिकतो. ‘वीय’ काठावर पास होतो. तिथली मेलेली मुलगी चेटकीणच आहे, पण खोमाही काही संत नाही. भास्कर हजारिका यांचा आसामी ‘कोथानोदी’ (२०१५) टिकतो आणि वर टोचतोही. लक्ष्मीनाथ बेझबरुआंनी गोळा केलेल्या आजीच्या गोष्टींतल्या चार गोष्टी त्यानं गुंफल्या आहेत, आणि त्या गोष्टी मुलांना सांगायच्या होत्या यावर विश्वास बसत नाही.

बंगाली दाराशी फार वेळ उभं राहावं लागत नाही. कालीबाडीच्या पूजेला येणाऱ्या कुठल्याही आजोबांना ‘तीन कन्या’ (१९६१) विचारावा. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीनिमित्त सत्यजित रायांनी त्यांच्या तीन कथा एकत्र केल्या. मधली ‘मणिहारा’ ही चक्क भुताची. दागिन्यांपलीकडे काही न दिसणारी बायको, तिला दागिने देऊन खूश ठेवू पाहणारा नवरा, नदीकाठचं मोठं रिकामं घर. परदेशी प्रदर्शनातून ही कथा गाळली गेली आणि उरलेल्या दोनच बाहेर गेल्या. त्यामुळे रायांवर भरभरून बोलणाऱ्या कित्येकांनी त्यांचं भूत पाहिलेलंच नाही. शेवटच्या काही क्षणांत एक हात दिसतो. बस, एवढंच.

तेलुगू शेजाऱ्यांकडून ‘रात्रि’, म्हणजेच हिंदीतला ‘रात’ (१९९२). रामगोपाल वर्मांनी तो दोन्ही भाषांत केला. ‘भूत’ (२००३) सगळ्यांना आठवतो, पण त्याचं मूळ पीठ इथेच दळलेलं आहे: साधं मध्यमवर्गीय घर, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि कॅमेरा असा फिरतो की घरात आणखी कुणी वावरत असल्याची शंका येत राहते. पुन्हा रेवतीच, ‘भूतकालम’च्या तीस वर्षं आधीची. ओम पुरींचा मांत्रिक थोडा भडक वाटतो, पण रेवती सगळं सावरून घेते. याच वाटेवर विक्रम कुमार यांचा ‘१३बी’ (२००९): नव्या फ्लॅटमध्ये आलेलं भरलेलं एकत्र कुटुंब, आणि रोज दुपारी टीव्हीवर लागणारी मालिका, जिच्यात या कुटुंबाचंच आयुष्य चालू आहे. सासू-सुना मालिकांचं वेड लागलेल्या काळावर इतकी तिरकी टीका दुसऱ्या कुठल्या भयपटानं केलेली नाही. आर. माधवन तर चांगला आहेच. आजी-आजोबांसकट बसून पाहण्याजोगा भयपट हवा असेल तर हाच लावावा.

हे सगळं पाहायचं कसं, याबद्दल थोडं. भयपटाचा निम्मा भाग कानांनी पाहायचा असतो आणि तिथेच क्वार्टरमधल्या प्रेक्षकाची अडचण होते. भिंत सामाईक आणि पलीकडचा माणूस नाईट करून आलेला. आवाज वाढवून शेजाऱ्याची झोप मोडण्यापेक्षा हेडफोन लावावा. ‘भूतकालम’मधल्या दुसऱ्या खोलीतल्या हालचाली टीव्हीच्या बारक्या स्पीकरवर ऐकूच येत नाहीत. टीव्हीचं चित्र ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर आणावं आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करावी, नाहीतर ‘हा खेळ सावल्यांचा’सुद्धा दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. दुपारी उजेडात काळोखे चित्रपट पाहू नयेत, त्यात फक्त स्वतःचा चेहरा दिसतो. ‘बी’ शिफ्टहून परतल्यावर रात्री साडेदहा-अकराला बसलं तर ‘वीय’ किंवा ‘मणिहारा’ झोपायच्या वेळेत संपतात. ‘मणिचित्रताळ’ पावणेतीन तासांच्या घरात जातो, त्याला आठवड्याच्या सुट्टीचा दिवस राखावा.

डबिंगपेक्षा सबटायटल्स बरी. मल्याळी चित्रपटांची हिंदी डबिंगं विनोद मारून टाकतात आणि विनोद गेला की भीतीही जाते. नवीन पिढीला सबटायटल्स वाचायची सवय आहे. ज्येष्ठांसाठी अक्षरांचा आकार सेटिंगमधून मोठा करता येतो. शोधताना नेहमी मूळ नाव आणि वर्ष दोन्ही टाकावं, कारण नुसतं ‘रात’ किंवा ‘गहराई’ लिहिलं तर भलतंच काहीतरी समोर येतं. ओटीटीवर चित्रपट येतात आणि करार संपला की गायब होतात. त्यामुळे हव्या त्या वेळी सापडला नाही तर चार महिन्यांनी पुन्हा पाहावं. टेलिग्रामवरच्या प्रती टाळाव्यात. चोरीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी काळोखी दृश्यं त्या प्रतींत नुसते चौकोनी ठिपके होऊन जातात.

मुलांचं काय? सेन्सॉरच्या २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’चे तीन तुकडे झाले आहेत, ७+, १३+ आणि १६+. ओटीटीवर हे वर्गीकरण २०२१ पासूनच दिसतं. जुन्या चित्रपटांना हा बारकावा नाही, त्यामुळे मोठ्यांनी आधी एकट्यानं पाहून ठरवावं. आठ-दहा वर्षांच्या मुलांना भुताची पहिली ओळख महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’नं (१९९३) करून द्यायला हरकत नाही; रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू घाबरवतो तितकाच हसवतो. त्याहून मोठ्या मुलांना आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ (२०२२) आवडेल. डोंबिवलीत झोंबी, हे नावच अर्धं काम करतं, पण पाण्याचा प्रश्न आणि बिल्डरी यांच्यावर तो जे बोलतो ते ऐकण्यासारखं आहे. याच दिग्दर्शकाच्या हिंदी ‘मुंज्या’नं (२०२४) पुढे जी कमाई केली, तिचा अंदाज ‘झोंबिवली’ पाहून तेव्हाच यायला हवा होता.

राहता राहिला भिलाईचा स्वतःचा माणूस. अनुराग बसू इथे वाढले, आणि ‘मर्डर’, ‘बर्फी’ यांच्या आधी, २००३ साली, त्यांनी ‘साया’ केला होता: मेलेल्या बायकोच्या खुणा रुग्णांच्या तोंडून ऐकणारा डॉक्टर. जॉन अब्राहम, तारा शर्मा, महिमा चौधरी. आदल्या वर्षीच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ या अमेरिकन चित्रपटावर तो उघड उघड बेतलेला आहे, आणि गावचा अभिमान कितीही असला तरी त्याला ‘गहराई’च्या शेजारी बसवता येत नाही. गाणी ऐकावीत, इस्पितळातले पहिले काही प्रसंग पाहावेत. उरलेल्या वेळात ‘भूतकालम’ दुसऱ्यांदा लावावा.